नर्मदेचं गाणं गाणारा दिल्लीचा बँड

भोपाळमधल्या आपल्या कितीतरी घरांत आज नळाला नर्मदेचं पाणी येतं. मोठा तलाव आणि कोलार धरण वाढत्या शहराला पुरेना, म्हणून ते तिकडून इथवर आणावं लागलं. तसं आपल्या मराठी घरांचं या नदीशी नातं नळाच्या पाण्याहून फार जुनं आहे. महेश्वरचा घाट म्हटला की अहिल्याबाई आठवतात. रावेरखेडीला नर्मदेच्या काठी थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. गोनीदांचं 'कुणा एकाची भ्रमणगाथा' किंवा जगन्नाथ कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' यांपैकी एक तरी पुस्तक बहुतेक घरांत सापडतंच.

या नदीकाठची माणसं काय गातात, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. गंमत म्हणजे देशभरातल्या कॉलेजच्या मुलांना नर्मदेचं एक गाणं गेली वीस-पंचवीस वर्षं पाठ आहे. त्याचं नाव 'मा रेवा'. ते भजनी मंडळानं पोहोचवलेलं नाही, रेडिओनंही नाही. गिटार, बेस गिटार, ड्रम्स आणि तबला घेऊन गावोगाव फिरणाऱ्या दिल्लीच्या एका बँडनं ते पोहोचवलं. त्या बँडचं नाव 'इंडियन ओशन'.

तुमच्यापैकी काहींनी त्यांची गाणी ऐकली असतील, काहींनी नुसतं नाव ऐकलं असेल. पण हा बँड तीस वर्षांहून जास्त काळ टिकला कसा, आणि आपल्या मध्य प्रदेशाचं त्याच्यावर किती ऋण आहे, ही गोष्ट सहसा एकत्र सांगितली जात नाही. ती इथे सांगायची आहे.

गावाकडचं गाणं, विजेची गिटार

आधी थोडं अमेरिकेत जाऊ. तिथे 'कंट्री' म्हणजे गावाकडचं गाणं. शेतमजूर, खाणकामगार, ट्रक चालवणारे, प्रेमात फसलेले आणि कर्जात बुडालेले यांची ही गाणी. साथीला बँजो, फिडल आणि साधी गिटार. १९६०च्या दशकाच्या शेवटी काही तरुण वादकांनी ही गाणी विजेच्या गिटारवर आणि ड्रम्सवर चढवली. 'द बर्ड्स' या बँडचा १९६८ सालचा 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा त्यातला गाजलेला अल्बम. पुढे 'ईगल्स'नी हा कंट्री-रॉक जगभर नेला.

पण या संगीताचे खरे शिपाई वेगळेच होते. ते गावोगावच्या बारमध्ये रात्रीमागून रात्र वाजवणारे बँड. समोर लोक जेवतायत, पितायत, गप्पा मारतायत, आणि त्या गोंगाटात तीन-चार तास दणकून वाजवायचं. लोकांनी मान वर करून बघितलं, पाय हलवला, तर आपण जिंकलो. पहाटे सामान गाडीत टाकायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. आपल्याकडच्या तमाशाच्या फडाला किंवा माळव्यात रात्र रात्र चालणाऱ्या माचाच्या मंडळीला हे आयुष्य नवीन वाटणार नाही. बिऱ्हाड पाठीवर, आणि समोरचा श्रोता हाच परीक्षक.

'इंडियन ओशन'ला कुणी कंट्री-रॉक म्हणत नाही. फ्यूजन रॉक म्हणतात, लोकसंगीताचा रॉक म्हणतात. पण गावाकडचं गाणं उचलायचं, त्याला विजेच्या वाद्यांची ताकद द्यायची, आणि मग वर्षानुवर्षं मंचावर उभं राहून ते लोकांच्या गळी उतरवायचं, हा धंदा तोच. आपल्या देशात त्याचं यापेक्षा पक्कं उदाहरण शोधून सापडणार नाही.

चौघं जमले कसे

सुश्मित सेन गिटार वाजवायचे. असीम चक्रवर्ती तबला वाजवायचे आणि गायचे. दोघांची ओळख १९८४ साली झाली. बँड मात्र उभा राहिला १९९०मध्ये. 'इंडियन ओशन' हे नाव सुश्मित यांच्या वडिलांनी सुचवलं. मुलाच्या बँडला वडिलांनी नाव द्यावं, हे वाचून आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना हेवा वाटेल!

१९९१मध्ये बेस गिटार घेऊन राहुल राम आले. १९९४मध्ये ड्रम्सवर अमित किलम आले. अमित ड्रम्सबरोबर क्लॅरिनेट आणि बंगालच्या बाऊलांचं गाबगुबी हे वाद्यही वाजवतात. त्याच्या एकाच तारेतून जो ताल आणि सूर एकदम निघतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही. ही चौकडी पुढची पंधरा वर्षं एकत्र राहिली. बँडच्या जगात पंधरा वर्षं म्हणजे एखाद्या एकत्र कुटुंबानं तीन पिढ्या न भांडता काढण्यासारखं आहे.

त्या काळात हिंदुस्थानात रॉक वाजवणाऱ्यांपुढे एक ठरलेली वाट होती. परदेशी बँडची गाजलेली गाणी जशीच्या तशी वाजवायची. कॉलेजच्या महोत्सवात समोरची मुलं तीच मागायची, हॉटेलवालेही तीच मागायचे. या चौघांनी स्वतःची गाणी वाजवायची ठरवली, आणि तीही इंग्रजीत नव्हे. काही गाण्यांत तर शब्दच नाहीत, नुसते आलाप आणि वाद्यं. गाणी सात-आठ-दहा मिनिटांची. एकानं चाल बांधली आणि बाकीच्यांनी साथ दिली असं नाही. चौघं तासन् तास एकत्र बसायचे आणि वाजवता वाजवता गाणं घडायचं. मंचावर असीम बैठक मारून बसायचे, तबला आणि इतर तालवाद्यं वाजवता वाजवताच गायचे. हातानं एक लय आणि गळ्यानं दुसरी. ज्यानं तबल्याची एखादी तरी परीक्षा दिली आहे, त्याला यातली अडचण सांगायला नको.

पहिला अल्बम १९९३मध्ये आला. दुसऱ्याची गोष्ट जास्त रंजक आहे. नाट्यकर्मी सफदर हाश्मी यांच्यावर १ जानेवारी १९८९ला पथनाट्य चालू असताना हल्ला झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ दिल्लीत दरवर्षी १ जानेवारीला कलाकार जमतात. १९९७च्या अशाच कार्यक्रमात 'इंडियन ओशन' उघड्या मंचावर वाजवत होते. ते वादन ध्वनिमुद्रित झालं आणि तोच 'डेझर्ट रेन' हा अल्बम झाला. स्टुडिओ नाही, चुकलं तर पुन्हा घ्यायची सोय नाही. समोर लोक बसलेत आणि जानेवारीतली दिल्लीची थंडी. रात्रीमागून रात्र वाजवलेल्या बँडलाच हे परवडतं.

पीएचडी झाली आणि नर्मदेच्या खोऱ्यात

आता आपल्या नदीकडे येऊ. राहुल राम यांनी आयआयटी कानपूरमधून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी. विषय होता पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांचा अभ्यास. आपल्या घरात असा मुलगा असता तर पुढचा प्रवास आईवडिलांनी मनातल्या मनात लिहून टाकला असता. राहुल राम १९९०मध्ये परत आले आणि नर्मदा बचाव आंदोलनात सामील झाले. पुढची चार-पाच वर्षं ते खोऱ्यात कार्यकर्ते म्हणून काम करत होते, आणि त्याच काळात बँडमध्येही होते.

त्या आंदोलनाचं नेतृत्व मेधा पाटकरांकडे होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. सरदार सरोवर धरण गुजरातेत, पण त्याच्या पाण्याखाली जाणारी सगळ्यात जास्त गावं आपल्या मध्य प्रदेशातली: अलीराजपूर, बडवानी, धार, खरगोन. महाराष्ट्राला नर्मदेचा जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा काठ मिळाला आहे, तोही नंदुरबार जिल्ह्यात. तिथली मणिबेलीसारखी गावं सुरुवातीलाच बुडितात आली. धरण हवं की नको, यावर आपल्या घरांमध्येही दोन मतं होती आणि आजही असतील. एकीकडे तहानलेले जिल्हे आणि वीज, दुसरीकडे उठवली जाणारी गावं. त्या वादाचा निकाल लावायची ही जागा नव्हे.

पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. त्या गावांत गाणी होती. सभेच्या आधी, मोर्च्यात, रात्री शेकोटीजवळ लोक गात होते. बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाच्या कानांवर ही गाणी पडली आणि तो ती बरोबर घेऊन दिल्लीला गेला. 'मा रेवा' हे नर्मदेच्या काठचं लोकगीत असंच बँडकडे आलं. 'चीतू' हे दुसरं गाणं अलीराजपूरकडच्या आदिवासींचं. १८८३च्या सुमारास अलीराजपूर संस्थानात आदिवासींनी उठाव केला होता. त्याचा पुढारी होता छीतू किराड. शाळेत आपण तंट्या भिल्लाबद्दल वाचतो, छीतूबद्दल फारसं नाही. ज्याचं नाव पुस्तकात आलं नाही तो गाण्यात जिवंत राहिला, आणि गाण्यातून थेट रॉकच्या मंचावर पोहोचला.

लोकसंगीत असं उचलून मोठ्या मंचावर नेण्याची वाट आपल्या प्रांताला नवीन नाही. कुमार गंधर्व १९४८मध्ये क्षयाच्या आजारामुळे देवासला आले. गाणं बंद होतं, पडून राहायचं होतं. त्या काळात खिडकीतून माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी त्यांच्या कानांवर येत राहिली. बरे झाल्यावर त्यांनी ती मैफलीत मांडली आणि शास्त्रीय संगीताला नवं पाणी मिळालं. कुमारजींच्या हाती तानपुरा होता, राहुल राम यांच्या हाती बेस गिटार. दोघांची तुलना करायची नाही, तो उद्योग जाणकारांचा. पण आधी गप्प बसून ऐकायचं आणि मग गायचं, हा क्रम दोघांचा एकच होता.

'कंदीसा' आणि नंतर

२०००मध्ये 'कंदीसा' हा अल्बम आला आणि बँडचं नाव देशभर झालं. शीर्षकगीत ही केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेतली अरामी भाषेतली प्राचीन प्रार्थना. त्याच अल्बममध्ये 'मा रेवा'. त्याच अल्बममध्ये गोरख पांडे यांचं भोजपुरी गीत, आणि 'खजुराहो' नावाची रचनासुद्धा. म्हणजे एका अल्बममध्ये मध्य प्रदेश दोनदा! २००३मध्ये कबीराच्या पदावरून नाव घेतलेला 'झीनी' आला.

त्यानंतर सिनेमाची दारं उघडली, आणि इथे तर आपला मध्य प्रदेश पावलोपावली भेटतो.

अनुराग कश्यप यांच्या 'ब्लॅक फ्रायडे'चं संगीत 'इंडियन ओशन'चं. मुंबईच्या १९९३च्या बॉम्बस्फोटांवरचा हा सिनेमा न्यायालयीन स्थगितीमुळे अडकला आणि २००७मध्ये कुठे प्रदर्शित झाला. सिनेमा डब्यात होता तेव्हा त्याची गाणी लोक गुणगुणत होते. त्यातलं 'बंदे' हे गाणं आजही कार्यक्रमात मागितलं जातं. त्याचे शब्द पीयूष मिश्रांचे, आणि पीयूष मिश्रा ग्वाल्हेरचे.

२०१०मध्ये 'पीपली लाइव्ह' आला. शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या विषयावरचा हा तिखट विनोदी सिनेमा चित्रित झाला रायसेन जिल्ह्यातल्या बडवई गावात, म्हणजे आपल्या अगदी शेजारी. त्यातला नत्था साकारणारे ओंकारदास माणिकपुरी हबीब तन्वीर यांच्या 'नया थिएटर'मधले, आणि 'नया थिएटर' भोपाळचं. 'देस मेरा' हे गाणं 'इंडियन ओशन'चं. महागाईवरचं जे गाणं घराघरात पोहोचलं, ते मात्र बडवईच्याच मंडळीनं रघुबीर यादव यांच्याबरोबर गायलं होतं.

आणि २०१५चा 'मसान'. बनारसच्या घाटावरच्या या सिनेमात रेल्वेगाडी आणि पुलाची उपमा घेऊन आलेलं प्रेमाचं एक गाणं आहे. तरुण वाचकांपैकी बहुतेकांच्या फोनमध्ये ते असणारच. संगीत 'इंडियन ओशन'चं, शब्द वरुण ग्रोव्हर यांचे. पण त्याचा मुखडा दुष्यंत कुमार यांच्या शेरावरून घेतला आहे. दुष्यंत कुमार भोपाळमध्ये राहिले, इथल्या आकाशवाणीत त्यांनी काम केलं आणि १९७५च्या डिसेंबरात इथेच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांच्या नावाचं पांडुलिपी संग्रहालयही आपल्या शहरात आहे. आणि ते गाणं गायलंय कुणी? स्वानंद किरकिरे यांनी. इंदूरच्या मराठी घरातला, आईवडील दोघंही गाणारे असलेला आपला मुलगा. 'चुंबक' या मराठी सिनेमातलं त्यांचं काम पाहिलं नसेल तर जरूर पाहा.

म्हणजे बघा, दिल्लीचा बँड, बनारसची गोष्ट, भोपाळच्या कवीचा शेर आणि इंदूरच्या मराठी माणसाचा गळा. आपण 'बाहेरचं संगीत' म्हणून जे ऐकतो, त्यात आपल्या अंगणातली माती किती असते, हे कधी कधी असं उलगडतं.

माणूस जातो तेव्हा

कुठल्याही बँडची खरी परीक्षा प्रसिद्धीनं होत नाही. ती होते माणूस गेल्यावर. २५ डिसेंबर २००९ला असीम चक्रवर्ती हृदयविकारानं गेले. ज्या गळ्यानं आणि ज्या तबल्यानं बँडची ओळख घडली होती, तो एकाएकी थांबला.

त्या वेळी नव्या अल्बमची गाणी तयार होत आली होती. असीम यांचा आवाज त्यांत होता. २०१०मध्ये तो अल्बम आला, नाव '१६/३३० खजूर रोड'. हा दिल्लीच्या करोल बागेतल्या एका जुन्या घराचा पत्ता. तिथे बसून बँडनं वर्षानुवर्षं सराव केला होता. आपल्या गाण्यांना आपल्या तालमीच्या खोलीचा पत्ता द्यावा, यातच त्यांना काय महत्त्वाचं वाटत होतं ते कळतं.

आणखी एक गोष्ट केली. ती गाणी विकली नाहीत. दर महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट दिली. ऐकणाऱ्याला वाटेल, हा वेडेपणा. पण त्यामागे साधा हिशेब होता. बँडचं पोट कॅसेट-सीडीवर चालत नाही, प्रत्यक्ष कार्यक्रमावर चालतं. गाणं जितक्या कानांत जाईल तितके लोक कार्यक्रमाला येतील. आज प्रत्येक गायक आपलं गाणं फोनवर फुकट टाकतो, तेव्हा यात विशेष काय, असं वाटेल. २०१०मध्ये तसं करणारे फार थोडे होते. त्याच वर्षी जयदीप वर्मा यांचा बँडवरचा 'लीव्हिंग होम' हा माहितीपट चित्रपटगृहांत लागला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

असीम यांच्या जागी एक माणूस शोधून भागलं नाही. दोन आले. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आणि गाण्याला हिमांशू जोशी. २०१३मध्ये सुश्मित सेनही बाहेर पडले. ज्यांच्या गिटारीपासून बँड सुरू झाला, तेच निघाले. अशा वेळी बहुतेक बँड मोडतात. इथे निखिल राव गिटारवर आले आणि गाडी चालू राहिली. २०१४मध्ये 'तंदानू' आला. त्यात सात गाणी आणि सात पाहुणे. शंकर महादेवन, शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, कर्ष काळे अशी मंडळी त्यात आहेत. मग बरीच वर्षं नवा अल्बम नाही, फक्त कार्यक्रम आणि प्रवास. २०२३मध्ये 'तू है' आला.

सुरुवातीच्या दोघांपैकी आज बँडमध्ये कुणीही नाही. तरी 'मा रेवा' सुरू झालं की लोक ओळखतात. गाणी एका माणसाच्या नावावर लिहिलेली नव्हती, खोलीत सगळ्यांनी मिळून घडवलेली होती, म्हणून ती माणसं गेल्यावरही उभी राहिली. फड नायकिणीच्या नावानं चालतो, पण ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी यांनी सोडलं की मोडतो. इथे नायक कुणीच नव्हता, त्यामुळे तसं झालं नाही.

गाणं कुणाचं?

आता एक अवघड प्रश्न. तो टाळून ही गोष्ट पुरी होत नाही.

नर्मदेच्या खोऱ्यातलं गाणं दिल्लीच्या बँडनं घेतलं, त्यावर टाळ्या मिळवल्या, नाव मिळवलं. गाणं मूळ ज्यांचं, त्यांना काय मिळालं? लोकगीताला कवीचं नाव नसतं, म्हणून मानधनाचा धनीही नसतो. बडवईच्या मंडळीच्या गाण्याच्या वेळी मोबदल्यावरून वाद झाला होता आणि वर्तमानपत्रांत गाजला होता. गावातली माणसं जिवंत होती, समोर होती, म्हणून निदान विचारता तरी आलं. शंभर वर्षांपूर्वी शेत नांगरताना ज्यानं छीतूचं गाणं पहिल्यांदा म्हटलं, तो कुणाला विचारणार?

एक बाजू म्हणते, घेऊ नका, ते त्यांचं आहे. दुसरी म्हणते, घेतलं नाही तर ते मरेल. सरदार सरोवर आता पूर्ण भरतं, इंदिरा सागरात हरसूद हे अख्खं गाव २००४मध्ये गेलं. गाव उठलं की माणसं पांगतात. पांगलेल्या माणसांची लग्नं, सण, शेतीची कामं वेगवेगळ्या ठिकाणी होऊ लागतात आणि एकत्र गायची वेळच येत नाही. गाणं बुडतं ते असं, पाण्याचा थेंबही न लागता.

मला वाटतं, फरक पडतो तो गाणं कसं घेतलं यानं. चाल उचलून तिच्यावर दुसरे शब्द बसवून आपलं नाव लावणं वेगळं. आणि ज्यांचं गाणं त्यांच्यात जाऊन वर्षानुवर्षं राहणं, त्यांच्या अडचणीत उभं राहणं, गाण्याचं मूळ प्रत्येक मंचावर सांगणं, हे वेगळं. राहुल राम कार्यक्रमात गाण्याआधी त्याची गोष्ट सांगतात, नदीचं नाव घेतात, माणसांचं नाव घेतात. त्यानं सगळं ऋण फिटत नाही. पण गाणं अनाथ होऊन फिरत नाही, एवढं नक्की.

तुमच्या घरचं काय?

आपल्या मंडळाच्या तरुण मुलामुलींपैकी कुणी गिटार शिकतंय, कुणी कीबोर्ड, कुणी तबल्याच्या परीक्षा देतंय. 'आधी डिग्री, मग गिटार' हे वाक्यही घराघरात ऐकू येतं. राहुल राम यांचं उदाहरण दोन्ही बाजूंना वापरता येईल: आई म्हणेल, बघ, आधी पीएचडी केली, मुलगा म्हणेल, बघ, पीएचडी करूनही शेवटी बेसच वाजवला! खरा धडा बहुधा तिसराच आहे. या लोकांनी रातोरात काही मिळवलं नाही. बँड सुरू झाल्यापासून देशभर नाव व्हायला दहा वर्षं गेली. त्या दहा वर्षांत ते वाजवत राहिले आणि ऐकत राहिले.

ऐकायला सुरुवात करायची तर आधी 'मा रेवा' ऐका, मग 'चीतू', मग 'कंदीसा'. हेडफोन लावून एकट्यानं एकदा ऐका आणि मग घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन. आजीला गिटारचा आवाज जास्त वाटला तर हळू करा, पण नर्मदेचं नाव आल्यावर तिच्या चेहऱ्याकडे बघा. सुट्टीच्या दिवशी श्यामला हिल्सवरच्या जनजातीय संग्रहालयात जा. भिल्ल, गोंड, कोरकू यांची घरं, देव आणि वाद्यं तिथे बघता येतात. ज्यांची गाणी तुम्ही ऐकताय, ती माणसं कशी राहतात याची थोडी कल्पना येईल.

आणि आपल्या स्वतःच्या घरातही एक खोरं आहे, तेही हळूहळू बुडतंय. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, पाळणे, मंगळागौरीची गाणी, भोंडला. यांतली कितीतरी गाणी विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून आपल्या पणजीबरोबर ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळला आली आणि इथल्या बोलीत थोडी मिसळली. अशी मिसळलेली गाणी पुण्यातही सापडणार नाहीत. ती फक्त आपल्याकडे आहेत, आणि ज्यांना येतात त्यांची वयं आता ऐंशीच्या पुढे आहेत.

या वर्षीच्या गणेशोत्सवात नेहमीच्या सिनेगीतांबरोबर एक गाणं असं बसवून बघा. गिटार आहे, तबला आहे, गाणारे आहेत. आधी आजीजवळ बसा, फोनवर तिचं गाणं ध्वनिमुद्रित करून घ्या, शब्दांचे अर्थ विचारा, ते तिला कुणी शिकवलं तेही विचारा. आणि मंचावर गाण्याआधी तिचं नाव घ्या.